थांबून घ्यायची चिठ्ठी: अँटिबायोटिक कधी द्यायचं हे ठरवण्याच्या संशोधनाला निधी मिळवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला असलेल्या एका बाजारगावाचं आहे. गावाचं नाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनाक्रम बदललेला नाही. प्रस्ताव लिहिणं, आकडेमोड आणि कागदपत्रं ही कामं माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे जे चुकलं म्हणून सांगते आहे, त्यातलं बरंचसं माझ्या हातून चुकलेलं आहे.

गावात गेली अनेक वर्षं एक एमबीबीएस डॉक्टर दवाखाना चालवतात. त्यांच्या बाकावर एकाच सकाळी मराठी, कन्नड आणि कोंकणी ऐकू येते. काही पेशंट जंगलाकडेच्या वाड्यांवरून चालत फाट्यावर येऊन बस धरतात, काही चंदगडकडून सीमा ओलांडून येतात. कोणत्या पॅथीच्या डॉक्टरनं आधुनिक औषधं लिहायची याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. सीमेवर राहणाऱ्याला त्या नियमांशी देणंघेणं नसतं. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोल्हापूर, गडहिंग्लज आणि बेळगाव अशा तिन्हीकडच्या चिठ्ठ्या असतात, आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर एखादं तरी अँटिबायोटिक असतं.

एका पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी स्वतःच्याच चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती काढून बसून वाचल्या. सर्दी, खोकला, घसादुखी, दोन दिवसांचा ताप, आणि त्यापुढे पुन्हा पुन्हा तेच औषध: अझिथ्रोमायसिन, तीन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली अँटिबायोटिकांची तीन गटांत वाटणी केली. नेहमीच्या वापराची 'अॅक्सेस', जपून वापरायची 'वॉच' आणि शेवटच्या उपायासाठी राखलेली 'रिझर्व्ह'. साधं अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात येतं, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या. भारताच्या खासगी बाजारातल्या २०१९ च्या विक्रीवर जो अभ्यास झाला, त्यात सर्वांत जास्त खपलेली गोळी अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम हीच निघाली. म्हणजे डॉक्टर देशासारखंच वागत होते. पण त्यांना त्यानं समाधान वाटलं नाही. ते बेळगावात एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे गेले, आणि तिनं मला बोलावलं. गावातल्या मेडिकलचे मालक, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, चौथे.

अडचण

वरकरणी प्रश्न सोपा होता. खोकला घेऊन आलेल्या माणसांपैकी अँटिबायोटिकची गरज कुणाला आहे, हे दवाखान्यात बसल्या बसल्या कसं ओळखायचं? अशा आजारांत बहुतेक वेळा कारण विषाणू असतं आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे डॉक्टरांना शिकवायची गरज नव्हती. पण थुंकीचं किंवा रक्ताचं कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी) करायचं तर नमुना बेळगावला पाठवावा लागतो, उत्तर यायला दोन-तीन दिवस जातात, आणि तोवर पेशंट एकतर बरा झालेला असतो किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो. अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी शंभर रुपयांच्या आत येते. बहुतेक तपासण्या त्याहून महाग. शंका आली तर गोळी देणं हेच सगळ्यांत स्वस्त पडतं, आणि त्याची किंमत ज्याला मोजावी लागते तो माणूस त्या वेळी समोर बसलेला नसतो.

अँटिबायोटिक उगाच वापरलं की जिवाणू त्याला सरावतात, आणि त्याची किंमत किती मोठी आहे याचा अंदाज आता आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते. अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच सांगितलं होतं की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतलं तर जंतू त्याला सरावतील. या सरावलेल्या जंतूंविरुद्धचा भारताचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला. आराखडे आहेत, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मोठ्या रुग्णालयांतले जिवाणू कोणत्या औषधांना जुमानत नाहीत यावर नजर ठेवणारं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं जाळं २०१३ पासून आहे. एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरच्या टेबलापर्यंत यातलं फार थोडं पोचतं.

बेळगावबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. प्रसूतीच्या वेळी अझिथ्रोमायसिनचा एकच तोंडी डोस दिला तर मातेला होणारा जंतुदोष आणि मृत्यू कमी होतात का, हे तपासणारा मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २९ हजारांहून जास्त स्त्रिया त्यात होत्या, आणि भारतातली दोन केंद्रं होती बेळगाव आणि नागपूर. जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. जे औषध आम्ही साध्या सर्दीवर उधळत होतो, तेच बाळंतिणीला जंतुदोषापासून वाचवतं, हे याच जिल्ह्यातल्या बायकांनी भाग घेऊन दाखवून दिलेलं होतं. ते औषध टिकलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटत होतं आणि आजही वाटतं.

समोर असलेले पर्याय

पहिल्या बैठकीत अण्णांच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही पर्याय मांडले. सर्वांत आकर्षक होती सीआरपी तपासणी. बोटाच्या टोकावरून घेतलेल्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन किती आहे ते काही मिनिटांत कळतं. यकृतात तयार होणारं हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते झपाट्यानं वाढतं. ब्रिटनमध्ये २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांच्या छातीच्या संसर्गासाठी सीमारेषा आखून दिल्या होत्या: लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली अँटिबायोटिक नको, २० ते १०० मध्ये थांबून बघा, १०० च्या वर द्या. व्हिएतनाममध्ये हनोईच्या परिसरातल्या १० आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि २०१६ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात, तपासणी केलेल्या गटात ६४ टक्के रुग्णांनी अँटिबायोटिक घेतलं, तपासणी न केलेल्या गटात ७८ टक्के. फरक खरा आहे, पण तपासणी करूनही तिघांतल्या जवळजवळ दोघांनी गोळी घेतलीच, हे वाक्य मी तेव्हा वाचून पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

सीआरपीच्या मर्यादा आमच्या प्राध्यापक मैत्रिणीनं सुरुवातीलाच सांगितल्या होत्या. आजाराच्या पहिल्या काही तासांत ते वाढलेलं नसतं, शिखर गाठायला सुमारे दोन दिवस लागतात. क्षयरोगातही ते वाढतं. म्हणजे सीआरपी जास्त आला म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन (क्षयालाही तात्पुरतं दाबणारं अँटिबायोटिक) सुरू केलं, आणि खरा आजार क्षय निघाला, तर निदान लांबणीवर पडतं. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी, हा नियम आम्ही म्हणूनच कुठल्याही पर्यायाच्या वर ठेवला.

दुसरा पर्याय म्हणजे थांबून घ्यायची चिठ्ठी. डॉक्टर औषध लिहून देतो, पण सांगतो की दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तरच घ्या. तिसरा, डॉक्टरांना त्यांच्याच चिठ्ठ्यांचा आरसा दाखवणं. अमेरिकेत २०१६ च्या एका प्रयोगात आपण इतर डॉक्टरांच्या तुलनेत कुठे आहोत हे कळवल्यानं अनावश्यक अँटिबायोटिकं कमी झाली होती. चौथा, त्या भागातल्या जिवाणूंवर कोणतं औषध चालतं याचा एका पानाचा तक्ता. हा लघवीच्या संसर्गासाठी उत्तम, खोकल्यासाठी फारसा कामाचा नाही, म्हणून बाजूला ठेवला.

पाचवा पर्याय बैठकीत कुणी मांडलाच नाही, कारण त्याला कुणी पर्याय समजत नव्हतं: मुलाचे श्वास पूर्ण मिनिटभर घड्याळ लावून मोजणं. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, इतके किंवा त्याहून जास्त श्वास भरले तर न्यूमोनियाची शंका. आशा कार्यकर्तीलाही हे शिकवलेलं असतं. गर्दीच्या वेळी दवाखान्यात ते होत नाही.

पैसे कुठून आणायचे हा वेगळा प्रश्न. बहुतेक सरकारी निधीयोजनांत अर्जदार मान्यताप्राप्त संस्थेत नोकरीला असावा लागतो. खासगी दवाखान्यातला डॉक्टर स्वतः अर्ज करू शकत नाही. म्हणून मुख्य संशोधक म्हणून प्राध्यापक मैत्रिणीचं नाव आलं, आणि ज्याच्या मनात प्रश्न उगवला त्या डॉक्टरांचं नाव 'सहकारी' म्हणून खाली गेलं. परदेशी विश्वस्त निधीचा विचार केला तर परकीय देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी हवी, शिवाय परदेशी पैशातल्या आरोग्य संशोधनाला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी हवी. आमच्यासारख्या चार माणसांच्या गटाला ते झेपणारं नव्हतं. बेळगावच्या फौंड्री उद्योगातल्या एका मोठ्या कारखान्याच्या सामाजिक दायित्व निधीकडेही गेलो. त्यांनी आस्थेनं ऐकलं, चहा दिला, आणि रुग्णवाहिका किंवा शिबिर असेल तर जरूर या म्हणाले. त्यांना दोष देत नाही. 'कमी औषध दिलं' याचा फोटो काढता येत नाही.

पहिला अर्ज: यंत्राभोवती बांधलेला

पहिला अर्ज एका सरकारी निधीसंस्थेकडे गेला. मी तो सीआरपीभोवती बांधला. हनोईच्या प्रयोगासारखंच, पेशंट सोडत काढून दोन गटांत वाटायचे: एकाची तपासणी, दुसऱ्याची नाही. आठ दवाखाने, प्रत्येकी पन्नास पेशंट, एकूण चारशे.

नकार आला. तज्ज्ञांचे शेरे कडक होते आणि, आज सांगते, रास्त होते. एकाच खुर्चीतला डॉक्टर सकाळी दहा वाजता तपासणी करून 'याला गोळी नको' हे शिकतो. साडेदहाला तपासणी नसलेल्या गटातला पेशंट आला की तो शिकलेलं विसरतो थोडाच? दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. तेव्हा पेशंट नव्हे, दवाखानेच गटांत वाटा, असं त्यांनी सुचवलं.

दवाखाने वाटायचे म्हटल्यावर गणित बदललं. एकाच डॉक्टरचे पेशंट एकमेकांसारखे असतात, कारण चिठ्ठी लिहिणारा हात एकच. हे सारखेपण मोजणारा गुणांक ०.०५ इतका लहान धरला तरी नमुना १ + (५० − १) × ०.०५, म्हणजे ३.४५ पट मोठा लागतो. उलट बाजूनं सांगायचं तर आमचे चारशे पेशंट जेमतेम ११६ पेशंटांइतकीच माहिती देणार होते. हे कागदावर उतरलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवशी बसवलं असतं तर हा अर्ज गेलाच नसता.

आणखी एक चूक याच अर्जात होती. किती अँटिबायोटिक दिलं गेलं हे मोजायला आम्ही मेडिकलमधलं शेड्यूल एच-१ चं, म्हणजे विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या सरकारी यादीचं, रजिस्टर वापरणार होतो. २०१४ पासून या यादीतल्या औषधांची विक्री, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव, हे सगळं त्यात लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. कल्पना चांगली वाटली. अण्णांनी रजिस्टर उघडून दाखवलं: सेफिक्झिम आहे, लेव्होफ्लॉक्सासिन आहे, अझिथ्रोमायसिन नाही. ते त्या यादीत नाहीच. ज्या औषधासाठी सगळा खटाटोप, तेच आमच्या मोजपट्टीत बसत नव्हतं. चार शिकलेल्या माणसांपैकी हे दुकानदाराला माहीत होतं, आणि अर्ज पाठवण्याआधी त्याला कुणी विचारलं नव्हतं.

लावणीतला दिवस

नकारानंतर डॉक्टरांनी स्वखर्चानं सीआरपी तपासणीच्या थोड्या पट्ट्या मागवल्या. संशोधन म्हणून नव्हे, स्वतःच्या समजुतीसाठी. मी आठवडाभर त्यांच्याकडे बसायला गेले. जुलैचा पहिला पंधरवडा, पाऊस असा की समोरचं मेडिकलही दिसेना.

एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा सात-आठ वर्षांचा, दोन दिवस ताप, खोकला. श्वास मोजला, ठीक. छाती साफ. सीआरपी कमी. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: हा जंतू त्या गोळीला भीत नाही, तापाचं औषध आणि पाणी भरपूर द्या, परवा उतार नसला तर परत या.

आजी म्हणाल्या, "परवा यायला कसं जमतंय डॉक्टर? तरवा उपटून ठेवलाय. गाडी एकच हाय सकाळची, ती बी पाण्यानं येतीय का न्हाई. आजच काय ते जोराचं औषध देऊन सोडा बघा."

डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघून खिडकीकडे वळले, आणि अझिथ्रोमायसिन लिहिलं.

संध्याकाळी दवाखाना बंद करताना ते म्हणाले, "मला माहीत होतं गोळी नको आहे. तपासणीनं सांगायच्या आधी माहीत होतं. पण रात्री त्या मुलाला काही झालं, ओढा चढलेला असला, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

या एका वाक्यानं आमचा प्रस्ताव उलटा झाला. तोवर आम्ही धरून चाललो होतो की डॉक्टरला माहिती कमी पडते, म्हणून तो गोळी देतो. इथे माहिती पुरेशी होती. कमी पडत होता तो परतीचा रस्ता. 'थांबून बघा' हा सल्ला ज्याला परत येणं परवडतं त्याच्यासाठीच आहे. बेळगावात टिळकवाडीतल्या माणसाला तो देता येतो. एक दिवसाची लावणी आणि दोन वेळचं बसभाडं मोजणाऱ्याला देता येत नाही. न दिलेल्या गोळीची जोखीम डॉक्टर आणि पेशंट यांच्यातच राहते, ती तिसरं कुणी उचलत नाही, आणि म्हणून गोळी दिली जाते.

दुसरा अर्ज आणि कंपनीचा देकार

एवढं कळूनही दुसऱ्या अर्जात आम्ही पूर्ण वळलो नाही. मुदत जवळ आली होती. मी दवाखाने गटांत वाटले, नमुना वाढवला, आणि सीआरपीच्या जोडीला थांबून घ्यायची चिठ्ठी टाकली. परत येऊ न शकणाऱ्या पेशंटची दुसऱ्या दिवशी फोनवर विचारपूस करायची कल्पना शेवटच्या परिच्छेदात आली, तीही एका ओळीत. हा निर्णय माझा होता. यंत्र असलेल्या प्रस्तावाला पैसे मिळतात, असा माझा समज होता, आणि त्याला आधारही होता: प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिकं, वाचवणाऱ्या जलद तपासणीसाठी ठेवलेलं ८० लाख पौंडांचं लाँजिट्यूड पारितोषिक जून २०२४ मध्ये लघवीच्या संसर्गाची तपासणी करणाऱ्या एका यंत्रालाच मिळालं. त्याचं महत्त्व मी कमी मानत नाही. पण त्या यंत्राला पुढच्या दिवशी पेशंटला फोन करता येत नाही.

दुसरा नकार छोटा होता: सीआरपीची उपयुक्तता इतरत्र सिद्ध झालेली आहे, यात नवीन काय? शेरा वाचताना मला जाणवलं की खरोखर नवीन होतं ते मी शेवटच्या ओळीत दडवलं होतं.

याच काळात तपासणीच्या पट्ट्या विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. पट्ट्या फुकट, यंत्र फुकट, एका सहायकाचा पगारही देऊ म्हणाला. बदल्यात निष्कर्ष छापण्याआधी कंपनीनं बघायचे, आणि तपासणीविना असलेला गट काढून टाकायचा. आमच्यात इथे खरा मतभेद झाला. डॉक्टरांचं म्हणणं, पट्ट्या तरी मिळतील, पावसाळा वाया जाणार नाही. प्राध्यापक मैत्रीण ठाम होती: तुलनाच काढली तर उरतं काय, जाहिरात? मी दोन दिवस डॉक्टरांच्या बाजूनं होते. शेवटी अण्णांनी विचारलं, "आकडा उलटा आला तर छापू देतील का?" कराराच्या मसुद्यात त्याचं उत्तर नव्हतं. नाही म्हणून कळवलं. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण त्याची किंमत एक पूर्ण तापाचा हंगाम होती आणि ती हंगामातल्या पेशंटांनी मोजली, हेही खरं.

तिसरा अर्ज

तिसऱ्या वेळी आम्ही आकार लहान केला आणि प्रश्न बदलला. 'सीआरपीनं अँटिबायोटिक कमी होतं का' हा प्रश्न सोडला. नवा प्रश्न असा: दोन दिवसांनी कुणीतरी नक्की विचारपूस करणार आहे, हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही माहीत असेल, तर थांबणं शक्य होतं का, आणि ते सुरक्षित आहे का? परिणाम मोजायचा नाही, आधी व्यवस्था चालते की नाही एवढंच बघायचं. चार दवाखाने, दोन मेडिकल, आणि फोनवर विचारपूस करायला एक सिस्टर.

चिठ्ठीची पद्धत अण्णांनी घडवली. पेशंटच्या हातात दिलेली थांबून घ्यायची चिठ्ठी समोरच्याच दुकानात पाच मिनिटांत वटते, हे त्यांनी सांगितलं. म्हणून चिठ्ठी मेडिकलमध्येच ठेवायची, तिच्यावर तारीख टाकायची, आणि सिस्टरचा फोन झाल्यावर गरज असेल तर औषध द्यायचं. लांबच्या वाडीवरच्या माणसासाठी मात्र ही पद्धत अर्धीच उपयोगी, कारण औषध न्यायलाही परत यावंच लागतं. त्यांच्यासाठी सीलबंद पाकीट सोबत द्यायचं, सिस्टरनं फोनवर सांगितलं तरच फोडायचं, आणि नाही फोडलं तर पुढच्या बाजाराला परत आणायचं, असं ठरलं. पाकीट घरी जाऊन फोडलं जाईल ही भीती सगळ्यांना होती. पण डॉक्टर म्हणाले की एरवी ती गोळी तशीही पोटात गेलीच असती. नेटवर्क नसलेल्या वाड्यांसाठी आशा कार्यकर्तीची मदत घ्यायची, आणि त्या कामाचा मोबदला अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहायचा.

अंदाजपत्रकातच गाडी अडली. नमुन्यात रकाने होते: उपकरणं, खर्ची पडणारं साहित्य, मनुष्यबळ, प्रवास, संकीर्ण. सिस्टरचा पगार मनुष्यबळात गेला. फोन, पाकिटं, परत यावं लागलं तर पेशंटचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी कुठे लिहायची? पेशंटला पैसे म्हटलं की आमिषाची शंका येते. नीतिमत्ता समितीपुढे आम्ही सविस्तर मांडलं की ही बक्षिशी नाही, भाग घेतल्यामुळे होणाऱ्या खर्चाची भरपाई आहे, आणि २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशा भरपाईला जागा आहे. समितीनं ते मान्य केलं, रक्कम ठरवून दिली, आणि संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत मागितलं.

संमतिपत्रावर आमचे तीन आठवडे गेले. 'विषाणू' आणि 'जिवाणू' हे शब्द वाचून दाखवले की लोक मान हलवत, पण गावात दोघांनाही 'जंतू'च म्हणतात. 'प्रतिजैविक' कुणालाच कळेना. 'पॉवरची गोळी' म्हटलं की लगेच. शेवटी संमतिपत्रात आम्ही लिहिलं: काही जंतू पॉवरच्या गोळीनं मरतात, काहींवर तिचा उपयोग होत नाही. कन्नड मजकुराचं पुन्हा मराठीत भाषांतर करून ताळा घेतला. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातलं सगळ्यांत चांगलं लेखन तेच दीड पान आहे.

हा अर्ज मोठ्या संस्थेकडे गेलाच नाही. आरोग्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठी असलेल्या एका लहान अनुदानाकडे तो पाठवला, आणि सिस्टरचा अर्धा पगार एका स्थानिक धर्मादाय विश्वस्त मंडळाकडे मागितला. दोन्हीकडून होकार आला.

निकाल

रक्कम लहान होती आणि मुदत एक वर्षाची. पहिला हप्ता उशिरा, पावसाळा सरल्यावर हातात पडला. ज्या तापांसाठी सगळी मांडणी, तो हंगाम पुन्हा निघून गेला. मग पैसे न वाढवता फक्त मुदत वाढवून द्या असा अर्ज, त्यासाठी आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, आणि ते मिळवण्यासाठी लेखा विभागाच्या फेऱ्या. मुदतवाढ मिळाली. दरम्यानच्या कोरड्या महिन्यांत सिस्टरनं फोनची पद्धत बसवली, हे एका अर्थी बरंच झालं.

पावसाळ्यात व्यवस्था चालली. चार दवाखान्यांपैकी एकानं महिन्याभरात भाग घेणं थांबवलं: पेशंट समोरच्या डॉक्टरकडे जातात, मला परवडत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ही माहितीही आम्ही अहवालात घातली. उरलेल्या तिघांत सिस्टरचे फोन बहुतेकांपर्यंत पोचले. एका मुलाचा श्वास जोरात चालल्याचं फोनवरच कळलं, त्याच दिवशी बेळगावला पाठवलं, न्यूमोनिया निघाला, मूल बरं झालं. डॉक्टर म्हणतात की त्या एका फोननंतर त्यांचा हात चिठ्ठीवर सैल पडला, म्हणजे न लिहायला धीर आला. सीलबंद पाकिटं काही परत आली, काही आली नाहीत. सीआरपीच्या पट्ट्या अपेक्षेपेक्षा कमी वापरल्या गेल्या. विचारपूस नक्की होणार असेल तेव्हा तपासणी करावीशी वाटत नाही, असं तिन्ही डॉक्टरांनी वेगवेगळं सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला अर्ज लिहिण्याआधी आठवडाभर दवाखान्यात बसायला हवं होतं. आम्ही जगभरातले प्रयोग वाचले आणि त्यांच्या साच्यात गाव बसवलं. लावणीतली आजी पहिल्या आठवड्यातही भेटली असती.

अण्णांना 'सहकार्य करणारे' न म्हणता पहिल्यापासून सहसंशोधक करायला हवं होतं. एच-१ च्या रजिस्टरची चूक आणि चिठ्ठी वटण्याचा धोका, दोन्ही त्यांनीच दाखवले. अहवालात आता त्यांचं नाव आहे, अर्जात नव्हतं.

निधीचं वेळापत्रक पावसाच्या वेळापत्रकाला जोडायला हवं होतं. एक वर्षाच्या प्रकल्पात हंगाम एकच असतो. तो चुकला की वर्ष चुकलं. पुढच्या अर्जात आम्ही मुदत अठरा महिन्यांची मागितली आहे आणि पहिल्या हप्त्याची तारीख मेच्या आधीची सुचवली आहे.

श्वास मोजण्याचा पर्याय आम्ही सोडून दिला, याची मला सर्वांत जास्त खंत आहे. सिस्टर फोनवर आईला सांगत असे, पोटाकडे बघा, मी मिनिट लावते, तुम्ही मोजा. हे तिचं तिनं सुरू केलं होतं, आमच्या नियमावलीत नव्हतं, आणि म्हणून त्याची नोंदही नीट ठेवली गेली नाही. ज्या मुलाला बेळगावला पाठवलं, ते याच मोजणीवरून.

कंपनीच्या देकाराबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. डॉक्टरांना वाटतं, निष्कर्ष छापण्याचा हक्क लेखी मागून बघायला हवा होता, सरळ नकार घाईचा झाला. मला ते पटत नाही, पण आम्ही मागून बघितलं नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

अनुदान संपलं तेव्हा विश्वस्त मंडळानं सिस्टरचा पगार आणखी सहा महिने चालू ठेवला. त्यानंतरची सोय अजून झालेली नाही. सध्या ती आठवड्यातून तीन दिवस येते, सोमवार, बुधवार आणि बाजाराचा दिवस, आणि ज्या दिवशी ती नसते त्या दिवशी डॉक्टर पूर्वीसारखंच लिहितात.